स्क्रबमधले दाणे 'जैवविघटनशील' आहेत म्हणे. पण कुठे?

खाडीकाठ
फेसवॉश-स्क्रबमधले पॉलिएथिलीनचे दाणे जाताहेत, बरंच झालं. अमेरिकेने 2015 मध्ये कायदा केला. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही 2017 मध्ये न कुजणारे मायक्रोबीड्स, म्हणजे असेच बारीक दाणे, असुरक्षित घटकांच्या यादीत टाकले. आता त्यांच्या जागी पीएलए नावाच्या प्लास्टिकचे दाणे आणि ट्यूबवर हिरवं पान. पीएलए मका-उसाच्या साखरेपासून बनतं, कबूल. पण ते नीट कुजायला औद्योगिक कंपोस्टमधलं साधारण 60 अंश तापमान लागतं. बेसिनमधून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत गेलेल्या दाण्याला ते कोण देणार? समुद्राच्या पाण्यात किती दिवसांत विघटन होतं हे सांगता येत नसेल, तर ट्यूबवर 'जैवविघटनशील' हा शब्द छापायला बंदी हवी.

सदू_नवीमुंबई
चुकीच्या शत्रूवर तोफ डागताय. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या 2017 च्या अहवालात समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सौंदर्यप्रसाधनांचा वाटा 2% आहे. सिंथेटिक कपडे 35%, टायर 28%. टायरवर काढा की धागा!

खाडीकाठ
टायरशिवाय गाडी चालत नाही, सदूभाऊ. दाण्यांशिवाय तोंड धुता येतं.

मिक्सर
याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो. पॉलिएथिलीन उगाच आलं नव्हतं: गोल, स्वस्त, बुरशी नाही, प्रत्येक बॅच सारखी. अक्रोडाच्या टरफलाच्या पुडीला कडा असतात, ती निर्जंतुक करावी लागते, रंगही दर खेपेला वेगळा. होहोबा मेणाचे दाणे उत्तम, पण महाग. मला आशा सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंमधल्या पदार्थाची वाटते. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाने 2017 मध्ये ते विरघळवून, सच्छिद्र नळीच्या भिंतीतून तेलात थेंब सोडून गोल दाणे बनवले. पण लेबलवर एवढी कडक अट घातलीत, तर लहान उत्पादक चाचण्यांच्या खर्चानेच मरेल आणि मैदान बड्या कंपन्यांना मोकळं.

आंबेहळद
एवढी यातायात कशाला? मसुराचं पीठ, आंबेहळद, चंदन. दिवाळीचं उटणं वर्षभर लावा की.

मिक्सर
ताई, उटणं कोरडं असतं म्हणून टिकतं. तेच पीठ पाण्याच्या जेलमध्ये कालवून ठेवा, आंबेल. मग प्रिझर्व्हेटिव्ह वाढवा.

आंबेहळद
मग जेल हवंच कशाला? कोरडी पूड विका, ज्याने त्याने पाण्यात कालवावी. तुम्हाला ट्यूब विकायची आहे, म्हणून दाण्यांचा प्रश्न पडलाय.

सदू_नवीमुंबई
आणि पावसाळ्यात पुडीच्या गुठळ्या होतात म्हणून ती एकेका वापराच्या प्लास्टिक सॅशेत येईल. झालं कल्याण!

खाडीकाठ
कागदी खोक्यात येऊ दे, गुठळ्या हाताने फोडू. मिक्सर, खर्चाचं म्हणाल तर युरोपीय महासंघाच्या 2023 च्या नियमात अशीच वाट आहे: ठरवून दिलेली विघटनाची चाचणी पास झालेल्या पॉलिमरला सूट. खर्च दाणे बनवणाऱ्याने एकदा करायचा, स्क्रब बनवणाऱ्या प्रत्येकाने नाही. तुमचा लहान उत्पादक दाणे विकतच घेतो ना?