नववीच्या पोरांना धंदा शिकवायचा तर कसा? आनंद मेळावा सोडून काही सुचवा

गणितवाली_मॅडम

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीला गणित शिकवते. दरवर्षी जानेवारीत आमच्याकडे बाल आनंद मेळावा असतो, स्काउटची खरी कमाई पण त्यातच उरकून घेतो. पोरं भेळ, वडापाव, ताक, इडली असले स्टॉल लावतात, पाहुणे येऊन फीत कापतात, एखादे पुढारी वीसच्या भेळेला शंभराची नोट देऊन "राहू दे राहू दे" म्हणतात, फोटो ग्रुपवर पडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की विद्यार्थ्यांनी गिरवले व्यवहारज्ञानाचे धडे.

यंदा मी सहज एका भेळेच्या स्टॉलचा हिशोब मागितला. पाच जण होते. ८४ प्लेटा, २० ला एक, विक्री १,६८०. खर्च ६४०. नफा १,०४०, पोरं एकदम खूश. मग विचारलं कांदा-कोथिंबीर कुठली, तर रानातली. गूळ? आईनं दिला. रिक्षाचे १२० पप्पांनी दिले आणि प्लेटा शाळेच्या कपाटातल्या गेल्या वर्षीच्या. म्हटलं हे सगळं बाजारभावानं धरा. कांदा-कोथिंबीर-गूळ १८०, प्लेटा ९०, रिक्षा १२०, म्हणजे आणखी ३९०. नफा आला ६५० वर. मग आदल्या रात्रीचं चिरणं, सामान आणणं, विकणं, भांडी घासणं असं सगळ्यांचं मिळून ३० तास काम झालं होतं, म्हणजे तासाला २१ रुपये आणि वर चिल्लर. त्यावर एक पोरगा म्हणाला, मॅडम यापेक्षा खुरपायला गेलो असतो. सगळा वर्ग हसला. पण त्या दिवसापासून हे डोक्यातून जाईना.

हीच पोरं पुढच्या वर्षी दहावीला अर्थनियोजनाच्या धड्यात इनपुट टॅक्स क्रेडिट बरोब्बर काढणार, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव पण सांगणार, पण घरचा कांदा खर्चात धरायचा का हे त्यांना आजपर्यंत कुणी विचारलेलंच नाही. मी पण नव्हतं विचारलं, खोटं कशाला बोला.

शनिवारचा एक तास मिळतोय. मुख्याध्यापक हो म्हणालेत, फक्त पैशाचं काही झालं तर जबाबदारी तुमची असंही म्हणालेत. मला पुस्तक नको, प्रोजेक्टची फाइल तर नकोच नको. काय करता येईल?

किराणावाला_४१३

मॅडम, भेळेचा हिशोब वाचून हसू आलं कारण आमच्या लाइनीतले निम्मे लोक आजपण असाच हिशोब करतात, दुकानाचा गाळा स्वतःचा म्हणून भाडं धरत नाहीत आणि बायको दिवसभर बसते तिची मजुरी धरत नाहीत, मग म्हणायचं धंदा बरा चाललाय.

मेळाव्यात अडचण अशी की तिथं गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही. आईबाप घेणारच, मास्तर घेणारच. उधारी नाही, माल उरला तर घरी खाऊन टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचंच नाही. खरं तर दुकान म्हणजे दुसरा दिवसच असतो.

मला वडलांनी सातवीत गल्ल्यावर बसवलं. बसवलं म्हणजे विकायला नाही, महिनाभर फक्त संध्याकाळी गल्ला मोजून रोजमेळ लिहायचा. सकाळची शिल्लक, दिवसाची जमा, नावे, रात्रीची शिल्लक. पाच रुपये कमी आले तर खिशातून टाकायचे नाहीत, "५ रु. तूट" असं लिहायचं. खिशातून टाकले म्हणून एकदा मार खाल्लाय. तुम्ही दुसरं काही नाही शिकवलं तरी एवढं शिकवा.

आणि नुकसान होऊ द्या. नववीत मी हट्टानं दिवाळीला ३,००० चे आकाशकंदील उचलले, वडील म्हणत होते निम्मे घे. त्याच वर्षी बाजारात सगळीकडं लायटीच्या माळा आल्या आणि भाऊबीजेला अर्धे कंदील अंगावर. माळ्यावर टाकले, पुढच्या दिवाळीला काढले तर उंदरांनी कागद खाल्लेला. आजपण कुठला नवीन माल भरायचा म्हटलं की ते कंदील आठवतात.

माझ्या मते शाळेतच वह्या-पेनचं छोटं दुकान काढा, रोज मधल्या सुट्टीत अर्धा तास. उधारीची वही ठेवा. दोस्ताला पैसे मागायचे कसे हे शिकायला पुस्तक नाही.

ओसीवाली

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला कॉमर्सचे ओसी (वाणिज्य संघटन) आणि एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) हे विषय शिकवते. बारावीच्या ओसीत 'उद्योजकता विकास' असं अख्खं प्रकरण आहे. पोरं उद्योजकाची वैशिष्ट्ये अशी लिहितात की बघत राहावं, धोका पत्करण्याची तयारी, नावीन्य, दूरदृष्टी, सगळे मुद्दे अधोरेखित. गेल्या वर्षी एका मुलाला म्हटलं, तुझ्या वडलांचं हॉटेल आहे, त्यांनी कुठला धोका पत्करला सांग. तो म्हणाला, "मॅडम ते उद्योजक नाहीत, ते हॉटेलवाले आहेत." आता बोला.

आणि वीस मार्कांचा प्रोजेक्ट. 'स्थानिक व्यावसायिकाची मुलाखत'. चाळीस फायलीत चाळीस व्यावसायिक आणि सगळ्यांची उत्तरं एकच, कारण मुलाखत कुणी घेतलेलीच नाही, मागच्या बॅचची फाइल उतरवलेली. म्हणून सांगते, काहीही करा पण त्याला मार्क लावू नका. मार्क लावले की पुढच्या जूनपर्यंत गाईड येतं.

किराणावाले दादांशी एका बाबतीत सहमत नाही. शाळेतलं दुकान म्हणजे परत अडकलेलं गिऱ्हाईकच ना. वर गेटबाहेरच्या स्टेशनरीवाल्याच्या पोटावर पाय. आणि शाळेतच वह्या घ्या म्हणून सक्ती होते असं एखाद्या पालकाला वाटलं की तक्रार ठरलेली, मग आहेच धावपळ.

मी अकरावीला एक केलं ते सांगते. आठवडी बाजारात पाठवलं, दोघादोघांच्या जोड्या, एक जोडी एकच विक्रेता, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जायचं. पहिल्या वेळी छापील प्रश्नावली देऊन पाठवली होती, ती माझी चूक. कागद-पेन बघून बाजारातले लोक म्हणाले नगरपालिकेची माणसं आली, कुणी धड बोलेना. दुसऱ्या वेळी सांगितलं, कागद नाही, आधी दहा रुपयाची भाजी घ्या आणि मग विचारा. कोथिंबीरवाल्या मावशी सकाळी जुडी वीसला देत होत्या, ऊन चढल्यावर पंधरा, संध्याकाळी पाचनंतर दहाला दोन. पोरांनी विचारलं तोट्यात का विकता? त्या म्हणाल्या, घरी नेली तर शून्यच येणार आणि वर न्यायचं भाडं माझंच. मी किंमत ठरवण्याच्या पद्धतींवर दोन तास घेतले होते, त्यातलं पोरांना काही आठवत नाही. मावशी आठवतात.

फाटक_तोट्यात_गेलं

आमच्या शाळेत आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) हा विषय होता म्हणून लिहितोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून हा विषय निघाला आणि शाळांमध्ये गेला. वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्न-आरोग्य असं सगळं हातानं करायचं. शिकवायला गावातलेच कारागीर. पण मुख्य गोष्ट अशी की काम शाळेपुरतं नसायचं, गावातल्या लोकांची खरी कामं घ्यायचो आणि त्याचे पैसे घ्यायचो.

आम्ही चौघांनी शाळेजवळच्या एका काकांच्या गोठ्याचं लोखंडी फाटक घेतलं. अंदाजपत्रक आम्हीच काढलं, अँगल किती, बिजागरी किती, रंग किती, मजुरी अमुक. काकांनी घासाघीस करून शंभर कमी केले आणि आम्ही हिरोगिरीत हो म्हणालो. वेल्डिंगच्या रॉडचा खर्च धरायचा विसरलो आणि अँगल कापताना जे तुकडे वाया जातात तेपण धरले नव्हते. १४० रुपये तोटा. सर म्हणाले ठरला तो भाव ठरला, काकांकडं परत मागायला जायचं नाही. पुढच्या कामाच्या मजुरीतून ते भरले. आता मी फॅब्रिकेशनच करतो आणि कोटेशनमध्ये पहिली ओळ वेस्टेजची टाकतो.

तर मॅडम, ऑर्डर घ्या. जो माणूस "हे वाकडं झालंय, मला नको" असं म्हणू शकतो असं गिऱ्हाईक शोधा. आईबाबा तसं म्हणत नाहीत.

यमुनापारची

मी दिल्लीत असते. इथं सरकारी शाळांत २०१९ पासून नववी ते बारावीला आंत्रप्रेन्युअरशिप माइंडसेट करिक्युलम नावाचा उद्योजकतेचा विषय आणला होता, परीक्षा नाही. मग २०२१ मध्ये बिझनेस ब्लास्टर्स, अकरावी-बारावीच्या मुलांना टीम करून प्रत्येकी २,००० रुपये भांडवल. शेजारची मुलगी होती त्यात, हातानं रंगवलेल्या कुंड्या विकायची. टीव्हीवर झळकलेल्या टीम बाजूला ठेवा, पण सरकार आपल्याला पैसे देतंय आणि बुडाले तर कुणी ओरडणार नाही, याचंच त्या पोरीला फार अप्रूप होतं. घरी कधी कुणी तिच्या हातात दोन हजार दिले नव्हते. तुमच्याकडं हे पैसे कोण देणार तेवढं बघा.

दोन_मुलींची_आई

मला जरा वेगळंच विचारायचंय. त्या भेळेच्या स्टॉलवर कांदा कोण चिरत होतं आणि गल्ल्यावर कोण बसलं होतं? माझ्या मोठीच्या शाळेत मेळावा झाला तेव्हा मुली आदल्या रात्री आमच्या घरी बसून दोन किलो कांदा चिरत होत्या आणि दुसऱ्या दिवशी पैसे मोजायला मुलगे. शेवटी भांडी परत मुलींकडं. हेच शिकवायचं असेल तर ते घरी फुकट शिकवतोय आम्ही.

गणितवाली_मॅडम

ताई, तुमचं वाचून आधी राग आला आणि मग फोटो काढून बघितले. गल्ल्यावर दोन मुलगे. चिरणाऱ्या तिघी मुली. मी स्वतः समोर उभी होते आणि लक्षात आलं नाही. आता दर शनिवारी काम बदलणार, चिठ्ठ्या टाकून.

सगळ्यांचं वाचून असं ठरवतेय. आम्ही दहा शिक्षक प्रत्येकी २०० काढतोय, २,००० भांडवल, मार्चमध्ये परत करायचं, बुडालं तर बुडालं (दोघांनी आधीच मनातल्या मनात बुडीत खाती टाकलेत). खायचं काही नको. कापडी पिशव्या शिवायच्या, २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून दुकानदार पिशव्या शोधत असतात असं ऐकते. तीन मुलींना आणि एका मुलाला मशीन चालवता येतं. पहिला शनिवार फक्त बाजारात जाऊन कोण काय पिशवी देतंय ते बघायचं, प्रश्नावली न नेता. मांजरपाटाचा भाव ठोकच्या दुकानात पोरंच काढणार. रोजमेळ दोघांच्या सहीनं, तुटीसकट. मशीन घरची आहे तरी तिचं भाडं धरायचं का यावर वर्गात आत्ताच भांडण लागलंय.

किराणावाले दादा, तुम्ही अशी पिशवी घ्याल का आणि कितीला?

किराणावाला_४१३

आठच्या वर मला नाही परवडणार. पाच किलो साखर टाकून उचलून बघणार, शिवण उसवली तर सगळा गठ्ठा परत. आणि रोख नाही देणार, पन्नास ठेवून जा, विकल्या की पैसे.

गणितवाली_मॅडम

आठला तर कापडच निघत नाही हो!

किराणावाला_४१३

मग पोरांना पाठवा की बोलायला. तुम्ही येऊ नका, मास्तरीणबाईंपुढं मला भाव करता येत नाही.