मदत हवी आहे: बाबांची किमो चालू आहे, शुगरची गोळी द्यावी की थांबवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही आर्णी तालुक्यातले. बाबा ५९ वर्षांचे, ११ वर्षांपासून शुगर, सोबत बीपी. खर्रा (तंबाखू-सुपारी) त्याहून जुना. डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता नागपूरला शेक (रेडिएशन) आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनची किमो. खर्च फुले योजनेत बसला, ती काळजी नाही.

किमोच्या दिवशी उलटीसाठी डेक्सा देतात. त्या संध्याकाळी शुगर ३८०. बाबा माझ्यावरच चिडतात, "मी तं गोडाले हातई नाही लावला, मंग वाढते कशी?" तीन-चार दिवसांनी उलटं. तोंड सोललेलं, दोन घास पेज कशीबशी जाते, पण शुगरची ग्लिमेपिराइड गोळी रोजच्यासारखीच. परवा रात्री दोनला बनियन घामानं चिंब, काहीबाही बरळायला लागले. मशीनवर ५४. तोंड जेमतेम दोन बोटं उघडते, गुळाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. तेव्हापासून मला झोप नाही.

नागपूरचे म्हणतात, शुगरचं तुमच्या डॉक्टरला विचारा. तालुक्याचे म्हणतात, किमो चालू आहे, मी हात लावत नाही. मंग विचारायचं कोणाले?

प्रतिसाद १
दादा, मी डॉक्टर आहे, पण पेशंट न बघता डोस सांगणार नाही. डेक्सा स्टेरॉइड आहे, त्यानं शुगर चढते. बाबा खरंच बोलतात. सकाळी उपाशीपोटी ती बरी दिसू शकते, म्हणून किमोनंतर दोन-तीन दिवस दुपारी आणि संध्याकाळीही तपासा. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न नसलं तरी शुगर पाडते. ५४ ला थोडक्यात निभावलं. आजच नागपूरला फोन करून ५४ चा आकडा सांगा आणि रात्रीच्या गोळीचं विचारा. बरेचदा अशा वेळी इन्सुलिनवर नेतात. पुन्हा बरळले आणि गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

आणखी एक. सिस्प्लॅटिन किडनीवर जातं, शुगर-बीपीनं ती आधीच थकलेली असते. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आहे? दुखण्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक वगैरे आणता का? त्या गोळ्याही किडनीला जड.

धागाकर्ता
आणतो. रोज एक, कधी दोन. कोणी सांगितलंच नव्हतं. फाइल काढून बघितली: क्रिएटिनिन ऑपरेशनआधी १.१, मागच्या सोमवारी १.६, म्हणजे वाढलंय. फोन लागला, उद्या किमोआधी दाखवा म्हणाले. पहाटेच्या एसटीनं निघतो, शुगरची वहीही घेतो.