अनुभव: कोणाच्या भरवशावर तरलात, कोणाला भरवसा दिलात?

शेजारच्या आजी चार दिवस तापानं पडून होत्या. मला पाचव्या दिवशी कळलं, भिंत एकच असून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो असं वाचलं होतं, तेव्हा ते लांबचं वाटलं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी आपापलं लिहा.

खानापूर तालुका
आमच्याकडं भाताची नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, पैऱ्यानं होते. आज दहा बायका माझ्या शेतात, उद्या मी तिच्या. कोणाचा किती पैरा राहिला ते सगळ्यांना तोंडपाठ. मालक वारले त्या वर्षी पोर तान्ही, मला एकही पैरा फेडणं शक्य नव्हतं. तरी बायका आल्या. "तू नुसता चहा आण ग," म्हणाल्या. किटली धरवत नव्हती मला. पुढच्या तीन पावसाळ्यांत सगळ्यांचे पैरे फेडले. एकीनं "राहू दे" म्हटलं तेव्हा तिच्यावर रागावले होते. फेडू दिलं नाही तर माणूस बरोबरीचा राहत नाही.

बेळगाव
आमच्या गल्लीतली भिशी बुडाली. पैसे सोसले, पण जिनं ती बुडवणाऱ्या बाईला भिशीत आणलं त्या वहिनींशी आम्ही दोन वर्षं बोललो नाही. सगळ्यांत जास्त त्यांचेच बुडाले होते, हे फार उशिरा कळलं. माफी मागितली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या अजून येत नाहीत.

बेळगाव, उपनगर
१ नोव्हेंबरला शेजारचे अण्णा कर्नाटक राज्योत्सवाला जातात, आम्ही सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून काळा दिन पाळतो. बाबांच्या छातीत दुखलं त्या रात्री गाडी त्यांनीच काढली. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडं असते, १ नोव्हेंबरलाही.

निपाणी
जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, ट्रक अडकले. आम्ही भाकऱ्या नेल्या. कोण कुठला, विचारलं नाही.

चिकोडी तालुका
खानापूरच्या ताई, तुमचं वाचून डोळे भरले. पण आमचंही दीड एकर होतं, आणि माझ्या आईला गावानं पैऱ्यात कधी धरलं नाही. आमची वस्ती वेगळी. मजुरीला बोलवत. मजुरी दिली की हिशोब संपला. ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्या शेतांतलं कोणी आलं नाही. तुमच्या त्या दहा जणींत तशा वस्तीतली एखादी होती का?

खानापूर तालुका
नव्हती, दादा. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. नट्टीच्या आधी त्या वस्तीत जाऊन येते.