मे महिन्यात गाडीने फोंडा ते पंढरपूर : आई-वडील व लहान मुलासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही फोंड्याहून साखळी, केरी, चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर, सांगोला असे करत स्वतःच्या गाडीने पंढरपूरला जाणार आहोत. सोबत 71 वर्षांची आई, मधुमेह असलेले वडील आणि 6 वर्षांचा मुलगा आहे.

गेल्या वर्षी याच वाटेवर सांगोल्याच्या अलीकडे आईला चक्कर आली. गोव्यात मे महिन्यात नुसते बसून राहिले तरी सदरा भिजतो, त्यामुळे अंगातले पाणी गेल्याचे आपोआप कळते. तिकडे देशावरच्या कोरड्या हवेत घाम आल्याआल्या सुकतो, आणि कोरडे अंग पाहून ‘आज फारसे उकडत नाही’ असे मीच म्हणालो होतो. आईच्या कपाळावरून हात फिरवला तेव्हा मिठाची बारीक कणी बोटांना लागली. वाटेत स्वच्छतागृह धड मिळणार नाही या धास्तीने तिने बेळगाव सोडल्यापासून पाणीच प्यायले नव्हते, हे तिने सलाईन लागल्यावर सांगितले. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे, हेही मला तेव्हाच समजले. गोळीबाबत आमच्या डॉक्टरांना विचारणारच आहे. परंतु तिला पाणी पिण्याचा धीर येईल अशी प्रवासाची आखणी कशी करावी?

वडिलांचे इन्सुलिन गाडीत कसे ठेवावे, आणि केरी सोडताच ज्याला गाडी लागते त्या मुलाचे काय करावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आम्ही दरवर्षी म्हापशाहून सोलापूरला जातो, त्या अनुभवावरून लिहितो. एका दिवसात सगळे अंतर कापण्याचा हट्ट सोडावा. कोल्हापूरला मुक्काम करून पहाटे पाचला निघाल्यास उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी बरीचशी वाट सरते. दर दीड तासाने, कोणी मागो न मागो, पेट्रोल पंपावर किंवा बऱ्याशा हॉटेलात गाडी थांबवावी. थांबा ठरलेला आहे हे आधीच ठाऊक असले की आई निर्धास्तपणे पाणी पितील. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ असू द्यावीत, मात्र त्यांत मीठ आणि साखर दोन्ही असल्याने आई-वडिलांना ती किती चालतील हे डॉक्टरांनाच विचारावे.

इन्सुलिन डिकीत किंवा डॅशबोर्डवर मुळीच ठेवू नये. ते थेट बर्फालाही टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. आपल्याकडच्या दमट हवेत हा उपाय जेमतेम चालतो, तिकडे मात्र कोरड्या हवेमुळे फडक्यातले पाणी भराभर उडते आणि भांडे छान गार राहते.

मुलाला घाटाआधी पोटभर खाऊ घालू नये, पण उपाशीही ठेवू नये. कोरडी पोळी किंवा बिस्किटे पुरेत. मोबाईल काढून घ्यावा, कारण डोळे पडद्यावर स्थिर असतात आणि कानाच्या आतल्या भागाला वळणे जाणवतात, या विसंगतीनेच मळमळते. मागच्या आसनाच्या मध्यभागी, समोरचा रस्ता दिसेल अशा उंचीवर पट्टा लावून बसवावे आणि चोर्ल्यात काच थोडी खाली करावी. आमच्या मुलीला गाडी लागायची ती एवढ्यानेच थांबली. गाडी लागू नये म्हणूनची गोळी द्यायची झाल्यास मात्रा मुलाच्या डॉक्टरांकडून घ्यावी, कारण तिने गुंगी येते.