युवक मंडळाच्या निधीसाठी दिवाळीत काय विकावे?

प्रश्न: आमच्या युवक मंडळाला गावातील वाचनालयासाठी निधी उभारायचा आहे. लोकांना खरोखर उपयोगी पडतील अशा कोणत्या वस्तू ठेवाव्यात?

उत्तर १: उटणे ठेवावे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला ते घरोघरी लागते. शिवाय आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा यांची वस्त्रगाळ पूड कोरडी ठेवल्यास टिकते, त्यामुळे उरलेला माल लगेच वाया जात नाही.

उत्तर २: पणत्या थेट कुंभाराकडून घ्याव्यात आणि कोरी पणती तेल पिते म्हणून ती आधी पाण्यात भिजवावी, अशी चिठ्ठी सोबत द्यावी. फराळ मात्र टाळावा, असे माझे ठाम मत आहे. चकली मऊ पडली की मंडळाचे नाव जाते, आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणीचा प्रश्नही येतो.

उत्तर ३: वसुबारसेच्या बऱ्याच आधी घरोघरी जाऊन मागणी नोंदवावी व तेवढाच माल आणावा.