बातमी सगळे वाचतात, तरी भांडण भलत्याच गोष्टीवर. काय करावं?

मल्हारगंजकर:
इंदूरच्या आमच्या मंडळात महिन्यातून एकदा चालू विषयावर चर्चा असते. वीस-पंचवीस जण येतात, बहुतेक निवृत्त, काही कॉलेजातली मुलं. ओबीसी आरक्षणावर बोलताना निम्मा वेळ बातमीत नसलेल्याच गोष्टीवर वाद झाला. पुढचा विषय समान नागरी संहिता. 'वाचून या' अशी सक्ती करून उपयोग होईल?

भाषांतरवाली:
सक्तीचा काय उपयोग दादा, वाचलेलं असतंच. गोम अशी की इंदुरात आपण बातमी हिंदीत वाचतो आणि भांडतो मराठीत. मतदार यादीवरची 'आपत्ति' म्हणजे आपली हरकत. हिंदीत 'आक्षेप' बहुधा आरोपाच्या अंगाने येतो. तिकडे कोर्टात दोन पक्षांचा 'राजीनामा' झाला म्हणजे तडजोड झाली. आपले लोक विचारतात, पद कुणी सोडलं? सगळ्यात जास्त घोळ 'याचिका निराकृत'चा. हायकोर्टाच्या खंडपीठाच्या बातमीत हे दिसलं की एक गट म्हणतो फेटाळली, दुसरा म्हणतो जिंकलो. तिचा अर्थ एवढाच की निकाली काढली. 'निवेदनावर सरकारने निर्णय घ्यावा' असं सांगूनही याचिका निकाली निघते. म्हणून शेवटचा आदेश काय, ते वाक्य शोधायचं. सुनावणीत न्यायाधीश तोंडी जे बोलले तो आदेश नव्हे.

तुमच्या विषयात घटनेचं कलम 44 येणारच: राज्याने सगळ्या नागरिकांसाठी समान नागरी संहिता आणण्याचा प्रयत्न करावा. त्यातलं 'राज्य' म्हणजे भोपाळचं सरकार नव्हे. कलम 12 च्या व्याख्येत केंद्र, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं आणि स्थानिक संस्था सगळे येतात, आणि कलम 36 तीच व्याख्या इथे लावतं. कलम 37 म्हणतं, ही तत्त्वं (44 ज्यांत येतं ती राज्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) कोर्टातून बजावून घेता येत नाहीत, पण देशाच्या कारभारात ती मूलभूत आहेत. आता गंमत बघा: एक बाजू 'पण'च्या अलीकडचं वाचते, दुसरी पलीकडचं.

आकडेमोड:
ओबीसीच्या वादात दोन्ही बाजू बरोबर असून भांडल्या असतील. 2019 मध्ये मध्य प्रदेशात ओबीसी आरक्षण 14 वरून 27 टक्के केलं, म्हणजे वाढ 13 टक्के-बिंदूंची, आणि 14 च्या हिशेबात जवळपास 93 टक्क्यांची. एससी 16, एसटी 20 आणि नवं 27 मिळून 63. ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिक दुर्बलांचे, 10 धरले की 73. घटनेत ते 10 सुद्धा 'जास्तीत जास्त' आहेत, बोलताना हा शब्द हमखास गळतो. शिवाय या 27 वरची हायकोर्टाची मार्च 2019 ची पहिली स्थगिती वैद्यकीय प्रवेशांपुरती होती. स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

बैठकवाले काका:
पद्धत सांगतो. दोनशे शब्दांच्या आतला मूळ मजकूर द्यायचा, मथळा कापून. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. 'तर', 'परंतु', 'अधीन राहून', 'जास्तीत जास्त' यांखाली रेघ मारायला लावा. अट तिथेच लपलेली असते. मग प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं: कोण, कुणाला, कोणत्या अटीवर, काय सांगतंय. ही वाक्यं वाचून दाखवली की मतभेद मजकुराचा की मताचा ते लगेच कळतं. विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत.

बिघडतं कुठे? कुणीतरी वडीलधारा आधीच 'थोडक्यात सांगतो' म्हणतो तिथे. मग सगळे कागदात त्यांचंच थोडक्यात शोधतात. त्यांना चहाच्या व्यवस्थेला लावा.

शंकेखोर:
काकांची पद्धत चांगली आहे, पण समज वाढली की वाद सुधारेल हे गृहीत धरू नका. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग मांडला. आकड्यांचा एकच तक्ता काहींना त्वचेच्या मलमाचा म्हणून दिला, काहींना बंदूकबंदीचा म्हणून. मलमाच्या तक्त्याचा अर्थ गणितात पक्क्या लोकांनी जास्त बरोबर लावला. बंदुकीच्या तक्त्यात मात्र याच पक्क्या लोकांत पक्षानुसार फूट सगळ्यात मोठी पडली. वरवर दिसणारं उत्तर आपल्या बाजूचं नसेल तेव्हाच ते आकडे नीट तपासत होते. म्हणून पहिला कागद पाणीपट्टीसारख्या थंड विषयाचा घ्या, आणि तापलेल्या विषयावर येताना पक्षांची, नेत्यांची नावं झाका.

मल्हारगंजकर:
म्हणजे 44 आणि 37 एकाच कागदावर?

भाषांतरवाली:
हो. 12 आणि 36 मागच्या बाजूला. मराठी पाठ द्या आणि शेजारी हिंदीही ठेवा, नाहीतर कुणीतरी मोबाईल काढेल.