बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत: नोंद कशी काढावी?

पहिल्या महायुद्धात पणजोबा ‘बसऱ्याला’ गेले, देह मिळाला नाही, घरात एक बिल्ला तेवढा उरला. कोकण, सातारा, बेळगावात अशी घरं बरीच आहेत. ज्यांनी नोंदी काढल्यात त्यांनी नेमकं लिहा.

▪ इंडिया गेटपासून सुरुवात नको. तिथली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि 1919 च्या अफगाण युद्धातली. मेसोपोटेमियात (आजचा इराक, बसरा तिथलंच) कबर न सापडलेले बसरा स्मारकावर, फ्रान्समधले तिथल्या नव-शापेल स्मारकावर. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे.

▪ आडनावावर अडून बसू नका. कारकुनाच्या कानाला लागलं ते त्याने इंग्रजीत लिहिलं. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’ घालून बघा, सावंत ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने, दोन्ही तऱ्हांनी. कधी नुसतंच ‘पांडू’. जिल्हाही तेव्हाचा हवा: सिंधुदुर्गाला रत्नागिरी, रायगडला कुलाबा, तासगाव-वाळव्याला सातारा.

▪ खरी किल्ली पदकाच्या कडेवर असते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चिंच किंवा पितांबरीने घासू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात. अंधारात टॉर्च आडवा धरा, पदक थोडंथोडं फिरवत फोटो काढा. सावलीत खोदकाम उठून दिसतं. मृताच्या घरी पाठवलेली साधारण 12 सेंटीमीटरची कांस्य थाळी असेल तर तिच्यावर फक्त नाव, नंबर-पलटण काही नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

▪ वरच्यात भर. नुसता नंबर कामाचा नाही, दर पलटणीचे नंबर वेगळे असत. 103 मराठा आणि 117 मराठा या दोन्हींत एकच नंबर सापडू शकतो. शिवाय कुमक म्हणून दुसऱ्या पलटणीत पाठवलेल्यांची नोंद तिसरीकडेच निघते, तेव्हा 105, 110, 114, 116 पण चाळा.

▪ बसऱ्याच्या भिंतीचा फोटो मिळवून नाव शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. हवालदार, नाईक, शिपाई पलटणीखाली निव्वळ आकडा. नावं कागदी नोंदवहीत. (नव-शापेलला शिपायांचीही नावं आहेत, म्हणजे कोरता येत होती.)

▪ श्राद्धासाठी: नोंदीतल्या तारखेवरून जुन्या पंचांगात तिथी काढता येते. पण एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियातलं कुत शहर तुर्कांच्या हाती पडल्यावर कैदेत गेलेल्यांच्या तारखेवर फार विसंबू नका. तिथी पक्की नसेल तर सर्वपित्री. शस्त्राने गेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी. देहच नसल्याने पळसाच्या 360 देठांचा पुतळा करून पालाशविधी काही घरांत तेव्हाच झालेला असतो, आधी थोरांना विचारा.